राजीनाम्यानंतरची पहिली तारीख

३१ जानेवारी २०२० रोजी महानगर टेलिफोन निगमाच्या मुंबई व दिल्ली येथील चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी नोकरीचा निरोप घेतला. भारत संचार निगमाचे अठ्ठ्याहत्तर हजारांवर कर्मचारी त्याच दिवशी देशभर घरी गेले. वयाची पन्नास वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी आखलेल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेचा तो अंमलाचा दिवस होता. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवसांचे आणि उरलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचे वेतन, असा सानुग्रह रकमेचा हिशेब ठरला होता. पर्याय देण्याची मुदत होती ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९. तीस वर्षांच्या नोकरीचा निर्णय तीस दिवसांत घ्यावयाचा होता.

त्यानंतर अवघ्या ५४ दिवसांनी, २५ मार्च २०२० रोजी, देश टाळेबंद झाला. लोकलगाड्या थांबल्या, दुकानांची शटर्स खाली आली, शिकवणीचे वर्ग ओस पडले. निरोपाच्या दिवशी ज्यांनी 'पुढे काय ते हळूहळू बघू' असे म्हटले होते, त्यांना बघण्यासाठी घराच्या खिडकीखेरीज काही उरले नाही. साथीचा तडाखा कोणाच्याच हिशेबात नव्हता. त्याबद्दल कोणाला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु त्या ५४ दिवसांनी एक जुना प्रश्न नव्याने उभा केला. बांधलेली नोकरी सोडताना पुढची वाट स्पष्ट नसेल, तर ते धाडस म्हणावे की अविचार?

हा प्रश्न आता केवळ पन्नाशीतल्यांचा राहिलेला नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाड-गोरेगावच्या काचेच्या इमारतींत पाच-सात वर्षे काम केलेला तरुण एके दिवशी घरी येऊन 'राजीनामा दिला' असे सांगतो. 'दुसरीकडे मिळाली का?' या वडिलांच्या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नसते. वडील बँकेत किंवा महापालिकेत चौतीस वर्षे काढलेले असतात. एकाला जे गुदमरणे वाटते, त्यालाच दुसरा स्थैर्य म्हणत आलेला असतो. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या दोन खोल्यांत हा संवाद बहुधा पूर्ण होत नाही. एक जण दार लोटून खाली उतरतो, दुसरा वर्तमानपत्र उचलतो आणि स्वयंपाकघरातली तिसरी व्यक्ती मनातल्या मनात महिन्याचा हिशेब मांडू लागते.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे नोकरी सोडणे हा एक निर्णय आहे. वस्तुतः ते दोन निर्णय आहेत. जेथे आहोत तेथून निघणे हा पहिला आणि कोठे जायचे ते ठरवणे हा दुसरा. हे दोन्ही एकाच दिवशी घेतले पाहिजेत असा काही नियम नाही. पण त्या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्याचे भाडे कोणाला तरी भरावे लागते. ते किती आहे आणि कोण भरणार आहे, एवढे ठाऊक असेल तर योजना अस्पष्ट असूनही निर्णय शहाणपणाचा ठरू शकतो. ते ठाऊक नसेल तर पक्की दिसणारी योजनाही बुडते. उपनगरांच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात याचे पुरावे विखुरलेले आहेत.

शीव सोडल्यावर लालबहादूर शास्त्री मार्ग कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप असा मुलुंडकडे जातो. एके काळी या रस्त्याच्या दुतर्फा कारखान्यांची रांग होती आणि पाळी सुटली की सायकली व बसगाड्या यांनी रस्ता भरून जाई. आज त्यातील कित्येक जागांवर उंच मनोरे आणि मॉल उभे आहेत. हे कारखाने सगळेच टाळे लावून बंद झाले नाहीत. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने तीनशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कामगारकपात किंवा बंदी करावयाची असल्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक झाली. पुढे १९८० च्या दशकात ही संख्या शंभरावर आणली गेली. परवानगी मिळणे दुरापास्त होते. तेव्हा मालकांनी निराळा मार्ग काढला. कामगाराला काढता येत नसेल, तर त्याने स्वतः जावे अशी व्यवस्था करावयाची. कायद्याने कपातीची भरपाई वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी असे. तिच्यापेक्षा बरीच मोठी रक्कम देऊ करून सही घ्यावयाची. स्वेच्छानिवृत्तीचा जन्म असा झाला. १९९२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला, तेव्हा सार्वजनिक उद्योगांतही या पद्धतीला राजमान्यता मिळाली.

'स्वेच्छा' हा शब्द येथे तपासून घ्यावयास हवा. कारखान्यात काम येईनासे झालेले, खात्यातील यंत्रे हलवली जाऊ लागलेली, शेजारच्या बाकावरचा सोबती सही करून गेलेला. अशा वेळी उरलेल्याची इच्छा कितपत स्वतंत्र असते? टेलिफोन निगमातही २०१९ मध्ये पगार लांबू लागले होते. ज्या नोकरीचा पगार वेळेवर होत नाही ती नोकरी बांधलेली राहिलेली नसते, हे ओळखून अनेकांनी सही केली. त्यांना अविचारी म्हणणे धार्ष्ट्याचे होईल. त्यांनी एक बुडती नाव सोडली. प्रश्न उरतो तो एवढाच, की पोहणे किती वेळ जमणार आहे याचा अंदाज त्यांना कोणी करू दिला होता काय?

याबाबतीत बँकांचा अनुभव बोधप्रद आहे. २००० साली सार्वजनिक बँकांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पंधरा वर्षांची सेवा किंवा चाळीस वर्षांचे वय पूर्ण केलेल्यांना ती खुली होती. सेवेच्या प्रत्येक वर्षाला साठ दिवसांचे वेतन किंवा उरलेल्या सेवाकाळाचे वेतन, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळणार होती. पाच लाखांपर्यंतच्या रकमेवर प्राप्तिकर नव्हता. देशभर सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारली. हे लोक अशिक्षित नव्हते. व्याजाचे कोष्टक त्यांच्या बोटांवर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळल्या होत्या. तरीही बहुतेकांच्या हिशेबात एक गृहीतक लपलेले होते. आजचा व्याजदर उद्याही राहील, हे ते गृहीतक.

तसे झाले नाही. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर १९८६ पासून बारा टक्के व्याज मिळत होते. जानेवारी २००० मध्ये ते अकरा टक्के झाले, मार्च २००१ मध्ये साडेनऊ, मार्च २००२ मध्ये नऊ आणि मार्च २००३ मध्ये आठ. एखाद्याने सहा लाख रुपये अकरा टक्क्यांनी गुंतवून दरमहा साडेपाच हजारांवर घर चालवण्याचे ठरवले असेल, आणि मुदत संपल्यावर तीच ठेव आठ टक्क्यांनी ठेवावी लागली असेल, तर त्याची प्राप्ती चार हजारांवर आली. मुद्दलाला कोणी हात लावला नाही, चोरी झाली नाही, दरोडा पडला नाही. तरी मिळकतीचा चौथा हिस्सा आणि वर थोडा अधिक नाहीसा झाला. ज्यांनी सरकारी छत्र समजून युनिट ट्रस्टच्या 'युनिट स्कीम ६४' मध्ये पैसे ठेवले होते, त्यांच्यापुढे निराळेच संकट आले. जुलै २००१ मध्ये त्या युनिटांची खरेदी-विक्री थांबवण्यात आली. ती पुढे मर्यादित प्रमाणात सुरू झाली खरी, पण विश्वासाला गेलेला तडा बुजला नाही.

महागाईचे गणित याहून साधे आणि याहून निष्ठुर आहे. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिले तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. शेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याचा खर्च अठ्ठावन्नाव्या वर्षी दुप्पट आणि सत्तराव्या वर्षी चौपट झालेला असतो. पगारदाराला या चढणीवर महागाईभत्त्याची काठी असते. एकरकमी पैसे घेऊन निघालेला तीच चढण मोकळ्या हातांनी चढतो. सेवेत असताना महागाईभत्त्याची गणना हा कंटाळवाणा विषय वाटतो. ती आपल्या बाजूने कोणी तरी नियमाने लढलेली लढाई होती, हे बाहेर पडल्यावरच कळते.

धंद्याचा मार्गही अनेकांनी धरून पाहिला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत निवृत्तीच्या रकमेतून निघालेली रिक्षा, पिठाची गिरणी, झेरॉक्सचे दुकान, पोळी-भाजी केंद्र उपनगरात जागोजाग दिसे. रिक्षा तर खास उपनगरांचे वाहन. शीव आणि वांद्रे यांच्या दक्षिणेस तिला प्रवेशच नाही. या सर्वांत मानाचा व्यवसाय एसटीडी बूथचा. काचेची एक खोली, मोजणीचे एक यंत्र आणि फाटकाबाहेर पिवळी पाटी. भांडवल थोडे आणि गिऱ्हाईक हमखास. पुढे मोबाइल आला आणि २००३ मध्ये त्यावर येणारे फोन विनामूल्य झाले. थोड्याच वर्षांत पिवळ्या पाट्या उतरल्या. ज्या तंत्राने त्या उतरवल्या, त्याच तंत्राने पुढे टेलिफोन निगमाच्या एक्स्चेंजमधल्या खुर्च्याही रिकाम्या केल्या. तात्पर्य असे की पक्की योजना असणे हीदेखील सुरक्षिततेची हमी नव्हे. बूथ टाकणाऱ्याची योजना स्पष्ट होती. ती फसल्यावर दुसरी उभी करण्याइतका अवधी व पैसा मात्र त्याच्यापाशी नव्हता.

नोकरीत नेमके काय मिळते याचा हिशेबही सहसा अपुरा केला जातो. पगाराचा आकडा सर्वांना पाठ असतो. पगाराच्या चिठ्ठीवर जे लिहिलेले नसते ते मात्र विसरले जाते. घरकर्ज मिळते ते त्या चिठ्ठीच्या बळावर. राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस तोच, त्याचे गुण तेच. पण बँकेच्या लेखी तो निराळा इसम झालेला असतो. कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्यात घरातील वृद्ध आईवडील सामावलेले असतील, तर ते छत्र राजीनाम्याबरोबर जाते आणि साठीनंतर नवा विमा घ्यावयाचा तर त्याचा हप्ता छातीत धडकी भरवतो. याशिवाय नोकरी दिवसाला आकार देते. सकाळची ठरलेली लोकल, डब्यातील तीच मंडळी, संध्याकाळच्या परतीची ओढ. यांची किंमत कोणत्याही करारात लिहिलेली नसते. स्वेच्छानिवृत्तीनंतर कित्येक महिने नेहमीच्या वेळी कपडे करून बाहेर पडणारे आणि वाचनालयात किंवा बागेत दिवस काढून परतणारे लोक उपनगरांनी पाहिलेले आहेत.

नियमांचे अज्ञान हा आणखी एक सापळा. शिक्षक आणि कारकून यांनी तरी तो ओळखलाच पाहिजे. जुन्या निवृत्तिवेतन नियमांखालील सरकारी सेवेत राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. राजीनामा दिला की मागील सेवा सामान्यतः जप्त होते. वीस वर्षांच्या सेवेनंतर रीतसर नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्राच्या सेवेत आलेल्यांची व्यवस्था वेगळी आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले ते जुन्या योजनेच्या मागणीसाठीच. खासगी नोकरीत १९७२ च्या कायद्याने रूढ केलेला दंडक असा, की ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांची सलग सेवा लागते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांची सेवा भरल्याखेरीज निवृत्तिवेतन सुरू होत नाही. नववे वर्ष संपता संपता रागाच्या भरात ठेवलेला राजीनामा किती महाग पडतो, हे तेव्हा कोणी सांगत नाही. या योजनेचा आधारही मोठा नाही. वेतनाची मर्यादा २०१४ साली १५,००० रुपये करण्यात आली. त्या हिशेबाने पस्तीस वर्षांच्या सेवेलाही दरमहा ७,५०० रुपयांच्या आसपास मिळतात. तरी जे थोडे आहे तेही दोन महिन्यांच्या घाईने घालवणे शहाणपणाचे नव्हे.

मग नोकरीला चिकटून राहणे हेच शहाणपण काय? तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. थांबण्यालाही किंमत असते. ती पगारातून कापली जात नाही म्हणून दिसत नाही, इतकेच. ज्या कामात शिकण्यासारखे काही उरले नाही, ज्या खुर्चीत प्रकृती आणि स्वभाव दोन्ही बिघडत आहेत, तेथे काढलेले प्रत्येक वर्ष माणसाची पुढील कमाईची शक्ती कमी करत असते. १९९० मध्ये टंकलेखनाच्या कौशल्यावर विसंबून राहिलेला कारकून २००० मध्ये संगणकापुढे गोंधळला, तो नोकरी सोडल्यामुळे नव्हे. नोकरीत असतानाच काळ त्याला सोडून गेला होता. शेतीला उत्तम आणि नोकरीला कनिष्ठ ठरवणारी म्हण ज्या समाजाने जपली, त्यानेच नोकरीला लग्नाच्या बाजारात पहिला मान दिला. त्यामुळे नोकरी सोडणाऱ्याकडे तो आजही अपराध्याकडे पाहावे तसे पाहतो. या नजरेच्या भयाने तिथेच कुजत राहिलेल्यांची मोजदाद कोणत्याही अहवालात होत नाही.

या वादात थोरांची उदाहरणे नेहमी पुढे केली जातात. संततिनियमनाचा प्रचार आणि प्राध्यापकी यांतून एक निवडण्याची वेळ आली तेव्हा र. धों. कर्वे यांनी विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या घराची चूल ज्यांच्या कमाईने पेटत राहिली, त्या मालतीबाईंबद्दल मानाने फार कमी. शरद जोशी यांनी १९७७ च्या सुमारास बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. त्या शेतीच्या तोट्यातूनच शेतमालाच्या भावाचा प्रश्न त्यांच्या हाती लागला. शेतकरी संघटना ही त्यांची निघतानाची योजना होती असे म्हणता येणार नाही. ती वाटेत घडली. पण परदेशातील नोकरीची पुंजी पाठीशी नसती तर तोट्यातून धडा शिकण्याइतकी उसंत त्यांना मिळाली असती काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. दोन्ही उदाहरणांत पुढचा मार्ग धूसर होता. मधल्या काळाचे भाडे मात्र कोणी तरी, कशातून तरी भरत होते.

उपनगरातील मध्यमवर्गीय घरात हे भाडे बहुधा घरातील स्त्री भरते. तिची नोकरी असेल तर ती आता सोडता येत नाही. बढतीसाठी बदली स्वीकारता येत नाही. आजारपणही पुढे ढकलावे लागते. नोकरी नसेल तर शिकवण्या, शिवणकाम, डबे यांपैकी काही तरी सुरू होते. धाकट्या बहिणीचे शिक्षण एक वर्ष लांबते, वडिलांच्या भविष्य निधीतील रक्कम 'तात्पुरती' निघते. निर्णय एकाचा, हप्ते अनेकांचे. म्हणून राजीनाम्याच्या कागदावर सही एकाची असली तरी त्याआधीचा हिशेब सर्वांसमोर मांडला जाणे ही किमान सभ्यता आहे. 'घरच्यांना उगाच काळजी नको' या सबबीखाली तो लपवला जातो, तेव्हा काळजी वाचत नाही. ती फक्त अंधारात पाठवली जाते.

हा हिशेब कठीण नाही. हाताशी असलेली, सहज मोडता येणारी पुंजी घ्यावी. तिला घराच्या खऱ्या मासिक खर्चाने भागावे. त्या खर्चात गृहनिर्माण संस्थेची वर्गणी, विम्याचे हप्ते, शाळेचे शुल्क, आईवडिलांची औषधे आणि गणपती-दिवाळीचा वाटा हे सर्व धरावे. भागाकार येईल तितके महिने आपल्यापाशी आहेत. चार लाखांची पुंजी आणि चाळीस हजारांचा खर्च असेल तर दहा महिने. त्यांतून आजारपणासाठी दोन-तीन महिने बाजूला काढले तर सात. या सात महिन्यांत काय होईल हे ठाऊक नसले तरी चालेल. सातवा महिना कोणता आणि त्या महिन्यात काय करावयाचे, कोणती कमी प्रतिष्ठेची नोकरीही विनातक्रार पत्करावयाची, हे मात्र आधी ठरलेले असावे. योजनेच्या जागी मुदत असली तरी पुरते. दोन्ही नसतील तर तो जुगार होतो. ज्याचा भागाकार दीड महिना येतो, त्याने राजीनाम्याचा मसुदा फाडू नये, खणात ठेवावा आणि आधी भाजक व भाज्य यांच्याकडे लक्ष द्यावे. खर्च उतरवणे आणि पुंजी वाढवणे हीही निघण्याची तयारीच असते.

हे सर्व ज्यांना नोकरी आहे त्यांच्यापुरते झाले. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारा अध्यापक, कंत्राटावर भरलेला लिपिक यांना बांधलेली नोकरी सोडावी की नाही हा प्रश्न चैनीचा वाटेल आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. त्यांच्या वाट्याला तो मधला काळ दर उन्हाळ्यात न मागता येतो. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. दोन कामांमधला काळ ही आता अपवादाची अवस्था राहिलेली नसून बहुसंख्यांच्या आयुष्याचा नेहमीचा भाग होत आहे. तेव्हा तो पार पाडण्याची सारी जबाबदारी कुटुंबाच्या डब्यातील पैशांवर सोडणे समाजालाही परवडणारे नाही.

शासनाने येथे काय केले आहे? कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकार झालेल्या विमाधारकाला नव्वद दिवसांपर्यंत काही साहाय्य मिळू शकते. पण मर्यादित वेतनाच्या कामगारांपुरतेच. स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला त्यात जागा नाही. जर्मनीत स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बेकारीविम्याचा लाभ सामान्यतः बारा आठवडे रोखून धरला जातो. पण त्यानंतर तो मिळतो. सोडणाऱ्याला थोडी झळ बसावी, मात्र त्याने जळून जाऊ नये, असा त्यामागील विचार दिसतो. ब्रिटनने १९४८ मध्ये आरोग्यसेवा नोकरीपासून वेगळी केली, त्यामुळे तेथे राजीनाम्याबरोबर दवाखान्याचे दार बंद होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली करण्याचा २०२३ मधील निर्णय याच दिशेने पडलेले पाऊल आहे. त्याचा लाभ प्रत्यक्ष रुग्णालयाच्या खिडकीवर किती सहज मिळतो, यावर त्याचे मोल ठरेल. आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आखणाऱ्यांनी निदान एवढे करावे: निर्णयाला तीस दिवसांऐवजी सहा महिने द्यावेत आणि रकमेच्या आकड्याशेजारी ती रक्कम किती वर्षे पुरेल हेही छापावे. व्याज उतरले तर काय आणि भाव चढले तर काय, हे दोन रकाने त्या कागदावर असते तर २००० साली कित्येक सह्या अधिक सावधपणे झाल्या असत्या. काही झाल्याही नसत्या.

नोकरी सोडणाऱ्याला भित्र्या समाजाने शूर ठरवू नये आणि शूरांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी त्याला चढवूही नये. तो शूर आहे की नाही हे राजीनाम्याच्या दिवशी कळत नाही. त्या दिवशी सहकारी पुष्पगुच्छ देतात, कँटीनमध्ये चहा होतो, मन हलके वाटते. परीक्षा होते ती पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. त्या सकाळी बँकेकडून पगार जमा झाल्याचा निरोप येत नाही. दूधवाल्याचे बिल, विजेचे बिल आणि सोसायटीची पावती मात्र नेहमीच्या वेळी दारात असते. त्या सकाळी घरातील माणसे एकमेकांच्या नजरेला नजर देऊन 'ठरल्याप्रमाणे चालले आहे' असे म्हणू शकत असतील, तर पुढची वाट अजून दिसत नसली तरी बिघडत नाही.